सोमवारची काच

“हिला कुणी कधी विचारलंच नाही, बाई गं, तुला दुखतंय कुठे. दर सुट्टीत नुसता रंग फासून मोकळे.”

आवाज पुरुषाचा होता, चिडका होता, आणि अगदी कानाशी होता. प्रयोगशाळेतल्या उंच कपाटाच्या कडेला वाकून ती बेडकाची बरणी शोधत होती. ती तशीच वाकलेली राहिली. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये माणूस मावेल न मावेल एवढी फट होती. फटीच्या दुसऱ्या टोकाला एक लांबलचक माणूस भिंतीला गाल लावून, डोळे मिटून उभा होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दोरीला लोंबणारं पितळी वजन.

“कुणाला?” तिने विचारलं.

तो दचकला, आणि त्याचं डोकं कपाटावर आपटलं. कपाटातल्या बरण्या किणकिणल्या.

“भिंतीला,” तो म्हणाला. मग आपलंच उत्तर आपल्याला ऐकू आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. “म्हणजे... ही भेग. रंगाखाली दडवलीय सगळी.”

“मग? सांगितलं का तिने, कुठे दुखतंय ते?”

“छे. भिंती लगेच बोलत नाहीत. आधी ओळख व्हावी लागते.”

तो भिंतीबद्दलच बोलत होता. तरी तिने उगाचच बरणीवरची धूळ पुसली, नसलेली.

शाळा जुनी होती. पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या, खिडक्या दमट हवेत फुगून बसणाऱ्या, आणि शहरातला कुणीही पन्नाशीचा माणूस भेटला की ‘आमच्या वेळी तिथे’ असं म्हणून जिच्याबद्दल सुरू होणारच, अशी. मुलं वाढत गेली, खोल्या पुरेनात. शेवटी ठरलं की जुनी बाजू दुरुस्त करायची आणि तिला चिकटून नवी, तीन मजली बाजू बांधायची. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत नव्या शाळेचं मोठं चित्र लागलं. चित्रातल्या शाळेसमोर हिरवीगार झाडं होती, आभाळ निळं होतं, आणि चित्रातली मुलं सगळी बारीक आणि शहाणी दिसत होती. खऱ्या शाळेसमोर मात्र खड्डा होता. त्यात जमिनीतून पाणी भरत होतं. ते उपसायला लावलेला पंप दिवसभर धकधक, धकधक करत असे. आभाळाचं म्हणाल, तर त्या वर्षी ते राखाडी झालं ते झालंच. धड कोसळायचं नाही, धड उघडायचं नाही. डबा खाताना दाताखाली बारीक माती लागायची, आणि फळ्यावरून हात फिरवला की खडूची पांढरी धूळ आणि बांधकामाची तांबडी धूळ, दोन्ही लागायच्या.

पाया खणायला घेतला आणि जुन्या बाजूच्या जुन्या भेगा जाग्या झाल्या. त्यातली सगळ्यात लांब भेग वरच्या मजल्यावर, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. छताच्या कोपऱ्यातून निघून कपाटामागून खाली उतरणारी.

हा लांबलचक माणूस बांधकामावरचा इंजिनियर. शिक्षकांच्या खोलीत त्याला पहिल्याच दिवशी नाव पडलं होतं: ओळंबा. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हाही तसाच, लांब, सरळ, आणि सदा खाली बघणारा.

तिला सगळे धाकट्या बाई म्हणत. वयाने एकोणतीस, पण नोकरीत सगळ्यात नवी, म्हणून धाकटी.

“तुमच्याकडे काच असेल का?” त्याने विचारलं. “पातळ पाहिजे. या भेगेवर आडवी बसवायची आणि दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची. भिंत स्वस्थ असली तर काच राहते. भिंत केसभर जरी हलली तरी काच तुटते. माझ्या होत्या दोन-तीन, पण बॅगेतच फुटल्या.”

“म्हणजे बॅगेला भेग आहे,” ती म्हणाली.

तो हसला. हसताना तो अजिबात सरळ दिसत नव्हता. डावीकडे कलायचा.

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्ट्यांचा एक जुना डबा तिच्याकडे होता. त्यातली एक स्वच्छ पुसून तिने दिली. परत मिळेल का, असं विचारलं. तुटली नाही तर मिळेल, तो म्हणाला.

“आणि तुटली तर?”

“तर ही बाजू रिकामी करावी लागेल.” उद्या ढगाळ राहील असं सांगावं तितक्या सहज त्याने ते सांगितलं.

तिला मात्र ते सहज ऐकता आलं नाही. कारण बाजू रिकामी झाली की काय होणार, हे शिक्षकांच्या खोलीत केव्हाच बोलून झालं होतं. वरचे वर्ग नदीपलीकडच्या शाळेत जाणार. जागा कमी, म्हणून काही शिक्षकांच्या बदल्या होणार, कुठेही, लांब. आणि बदल्या नेहमी धाकट्यापासून सुरू होतात.

---

काच बघायला तो दर सोमवारी मधल्या सुट्टीत येऊ लागला.

काम तसं दोन मिनिटांचं. स्टुलावर चढायचं, काचेवरून नख फिरवायचं, उतरायचं. पण स्टुलाचा एक पाय डुगडुगत असे, त्यामुळे कुणीतरी स्टूल धरायला लागे. प्रयोगशाळेत मामा होते, म्हणजे तिथले जुने शिपाई. शाळेच्या चाव्या त्यांच्याकडे, आणि राहायचेही ते याच बाजूला, जिन्याखालच्या खोलीत. पण मामांना सोमवारी मधल्या सुट्टीत नेमकं काहीतरी काम निघायचं. मग स्टूल धाकट्या बाई धरत.

“वाईट बातमी?” ती खालून विचारायची.

“नाही,” वरून उत्तर यायचं. “आज तरी नाही.”

एवढं झालं की खरं म्हणजे त्याने जायला हवं. पण तो खिडकीत टेकायचा, चहा प्यायचा, आणि तिच्याकडे न बघता तिच्याशी बोलायचा. तिलाही कोण जाणे कशी, त्याच वेळी बरण्या पुसायची आठवण व्हायची. त्या भिंतीजवळच छताच्या हुकाला सांगाडा टांगलेला होता. मुलांनी त्याला भाऊसाहेब असं नाव ठेवलं होतं. ओळंबा आला की आधी भाऊसाहेबांना नमस्कार करायचा. हे माझ्याच धंद्यातले, म्हणायचा. छताला टांगलेले आणि सरळ.

“हे बोलत नाहीत, एवढाच फरक,” ती म्हणाली.

“मी तरी कुठे बोलतो?”

“सोमवारी बोलता.”

त्यावर तो खिडकीबाहेर बघत राहिला. खाली पंप धकधकत होता. तिला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. आणि मग वाटलं, बोललो तर बोललो.

घरी ती आणि आई, दोघीच. दोन वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाकडून निरोप आला, कारण आलं नाही. त्या दिवसापासून घरात त्या मुलाचं नाव कुणी काढलं नाही, लग्न हा शब्दसुद्धा काढला नाही. कुणाच्या घरी कार्य असलं की आई एकटीच जाऊन यायची आणि आल्यावर फक्त हवेबद्दल बोलायची. आईचा स्वभावच तसा, दुखतं ते झाकून ठेवायचं म्हणजे बरं होतं. तिनेही मग तसंच केलं. हसायची, पण हसण्याचं कारण शोधून मग हसायची.

“हल्ली रविवारी संध्याकाळी केस धुतेस,” एकदा आई भाजी चिरता चिरता म्हणाली.

“धूळ किती असते शाळेत.”

“बाकीच्या दिवशी नसते वाटतं.”

ती कोथिंबीर निवडायला बसली. पण त्या रात्री आईने ताटात वाढताना पोळीवर तूप जरा जास्त घातलं. त्या घरात बोलायची पद्धत ती एवढीच.

मग एका सोमवारी काचपट्ट्यांचा नवा डबा आला. जुन्या पट्ट्या साध्या, आरपार. या नव्यांच्या एका टोकाला दुधी कड होती, पेन्सिलीने नाव लिहायला. तिने कौतुकाने एक काढून त्याला दाखवली.

“कुणाचं नाव लिहायचं?”

“कांद्याचं, बेडकाचं. ज्याचं जपून ठेवायचं त्याचं.”

त्याने कानावरची पेन्सिल काढली. बराच वेळ विचार केला, इतका की मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. मग दुधी कडेवर काहीतरी लिहून पट्टी डब्यात सगळ्यात वर ठेवली आणि मागे न बघता जिना उतरला. वर्ग भरला, बेडकाचं हृदय शिकवून झालं, मुलं गेली, तेव्हा कुठे तिने डबा उघडला.

कडेवर लिहिलं होतं, ‘सोमवार’.

एवढंच. पण तिला ते कितीतरी वेळ वाचावं लागलं.

---

पुढच्या सोमवारी ती शाळा भरायच्या आधीच आली. प्रयोगशाळेचं दार नेहमीपेक्षा जास्त घट्ट बसलं होतं, खांद्याने ढकलावं लागलं. आत प्लास्टरचा ओला वास होता.

ती कपाटामागे गेली. भेगेवर काच होती, शाबूत होती. तिने सुस्कारा सोडला... आणि अर्ध्यातच थांबली. काचेला दुधी कड होती. कडेचा अर्धा भाग प्लास्टरखाली गेला होता, अर्धा उघडा होता, आणि त्यावर त्याच्या अक्षरातला ‘वार’ दिसत होता.

कपाटाखाली काहीतरी चमकलं. तिने वाकून उचललं. साध्या, आरपार काचेचा तुकडा. तिनेच पुसून दिलेल्या काचेचा.

म्हणजे काच तुटली होती. आणि कुणीतरी गुपचूप दुसरी बसवली होती.

कुणीतरी कसलं. रविवारी या बाजूची चावी एकाच माणसाकडे असते. ही बाजू रिकामी झाली तर ज्याची जिन्याखालची खोली जाईल, आणि या वयात दुसरी मिळणार नाही, असा माणूसही एकच. मामा चष्मा न लावता कामं करतात. डबा उघडला असेल, वरची पट्टी घेतली असेल, मुलांच्या नमुन्यांसाठी आणलेलं प्लास्टर कालवलं असेल, झालं. मामा चहा घेऊन आले, तिच्याकडे न बघता कप ठेवला आणि गेले. त्यांच्या नखांत पांढरं होतं.

तिने तुकडा पर्समध्ये टाकला. सांगायचं तर लगेच सांगायला हवं, हे तिला कळत होतं. पण मधल्या सुट्टीपर्यंत थांबू, असं तिने ठरवलं. त्याला दिसेलच की. त्याचं कामच आहे ते.

तो आला. स्टुलावर चढला. तिने स्टूल धरलं. वर नख काचेवरून एकदा फिरलं, मग पुन्हा फिरलं. त्याचा बूट तिच्या बोटांपासून इंचभर होता, आणि तो बूट थरथरत होता की स्टूल, ते कळत नव्हतं.

“वाईट बातमी?” तिने विचारलं.

“काच शाबूत आहे,” तो म्हणाला.

उतरून तो समोर उभा राहिला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ बघितलं. त्या बघण्यात इतका आनंद होता आणि इतकी भीती होती की तिने नजर खाली घेतली.

“मला वाटलं होतं, माझ्या एकट्याचंच...” त्याने वाक्य सोडून दिलं.

तिने ते पुरं करायला सांगितलं नाही. संध्याकाळी फाटकापाशी तो थांबला होता. बारीक पाऊस भुरभुरत होता. त्याने आपल्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः भिजत बसस्टॉपपर्यंत आला. हेल्मेट नाकावर घसरत होतं. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत किती जण उभे होते ते तिला घसरलेल्या हेल्मेटखालूनही दिसलं. दुसऱ्या दिवशी कुणीही तिला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त इतिहासाच्या बाईंनी तिच्याकडे छत्री पुढे केली आणि म्हणाल्या की हवी तर घे, पण मला वाटत नाही तुला हवी असेल.

---

त्या आठवड्यात सगळी शाळाच काहीतरी न बोलण्यात गुंतली होती.

प्रयोगशाळेचं दार बसेना, तेव्हा मामांनी त्याची कड तासली. पुन्हा बसेना, पुन्हा तासली. शेजारच्या वर्गातलं कपाट झुलायला लागलं, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी गेली. भूगोलाच्या सरांचा खडू टेबलावरून आपोआप घरंगळून खाली पडे. सर तो न बोलता उचलत, आणि मग पेल्यात ठेवू लागले. मोठ्या बाई रोज एक फेरी मारत. भिंतीवर हात ठेवून म्हणत, जुनी आहे, कुरकुरायचीच. त्या याच शाळेत शिकलेल्या, इथेच शिक्षिका झालेल्या, आता वर्षभरात निवृत्त होणार. निरोप समारंभ जुन्या बाजूच्या सभागृहात व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. त्यामुळे त्यांनी ‘कुरकुरायचीच’ म्हटलं की सगळे मान हलवत. काच शाबूत आहे ना, मग झालं. रोज कुणीतरी हे म्हणायचंच.

धाकट्या बाईही मान हलवत. पर्समधला तुकडा मात्र दिवसातून कितीदा तरी बोटांना लागायचा.

पुढच्या सोमवारी नववीचा तास होता. हाडांची नावं. मुलं कोंडाळं करून भाऊसाहेबांभोवती उभी. ती काठीने बरगड्या दाखवत होती, खाली पंप धकधकत होता, आणि मध्येच दुसरा एक आवाज यायला लागला.

टक. टक. टक.

तिने वर्गाला गप्प राहायला सांगितलं. वर्ग गप्पच होता.

टक. टक.

“बाई,” पुढची एक मुलगी म्हणाली, “भाऊसाहेबांना बाहेर जायचंय.”

वर्ग हसला. तिने खाली बघितलं. भाऊसाहेबांची टाच भिंतीवर आपटत होती. पंपाच्या प्रत्येक धक्क्याला एकदा. ती इथे नोकरीला लागली तेव्हापासून ती टाच भिंतीपासून चांगली दोन बोटं लांब लोंबत होती. भाऊसाहेब हलले नव्हते. ते नेहमीसारखे सरळच होते. कलली होती ती इमारत, खड्ड्याच्या बाजूला, हळूहळू, एवढी माणसं आत असताना.

तिने काठी टेबलावर ठेवली. आवाज चढू न देता सांगितलं की आज तास खाली, सायकलच्या शेडमध्ये होणार. दप्तरं घ्या, जिन्यावर पळायचं नाही. मुलं खूश झाली. शेजारच्या वर्गालाही तिने तसंच खाली पाठवलं. विचारलं तेव्हा सांगितलं, वास येतोय कसलातरी, तपासायचाय. सगळी खाली पोचलेली दिसल्यावर तिने खिडकीतून खड्ड्याकडे बघून हात केला.

तो जिने चढून धापा टाकत आला. तिने काही न बोलता टाचेकडे बोट दाखवलं. तो ऐकत राहिला. टक. टक. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

“ती काच तुमची नाही, हे तुम्हाला मागच्या सोमवारीच कळलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग?”

“तिच्यावर माझं अक्षर होतं.” तो भिंतीशी बोलावं तसं हळू बोलत होता. “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम तीच लावलीत. म्हणजे मी समजावं म्हणून. मी विचार केला, थोडे दिवस... खाली टेकू वाढवले, पाण्याबरोबर पायाखालची माती जाऊ नये म्हणून पंप कमी चालवला. रोज तुम्ही गेल्यावर येऊन बघत होतो.”

“बघून काय केलंत?”

तो भेगेवरून बोट फिरवत राहिला.

“मी नाही लावली,” ती म्हणाली. “मामांनी लावली. वरची पट्टी हाताला लागली, एवढंच.”

पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा तो झाला. तिला त्याची दया आली, रागही आला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याही क्षणी त्याच्या केसांतली धूळ झटकावीशी वाटली.

“पण तुम्हालाही दिसलं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही का नाही बोललात? मामांसाठी?”

“हो,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “नाही.”

पंप चालू होता. दोघंही भाऊसाहेबांकडे बघत होती, कारण एकमेकांकडे बघवत नव्हतं. दुपारी सभा आहे, मी तिथे सांगतो, असं तो शेवटी म्हणाला. सांगा, ती म्हणाली. आणि खाली जाऊन त्याने पहिल्यांदा पंप बंद केला.

---

सभा मोठ्या बाईंच्या खोलीत होती, शाळेच्या पुढच्या, बैठ्या भागात. सगळे शिक्षक, बांधकाम समितीची माणसं, आणि भिंतीवर ते निळ्या आभाळाचं चित्र. अर्धा वेळ नव्या बाजूच्या रंगावर गेला. कुणाला फिकट पिवळा हवा होता, कुणी म्हणालं मळतो. पंप बंद असल्यामुळे खोली फार शांत वाटत होती, पण पंप का बंद आहे असं कुणी विचारलं नाही. दोन वर्ग सकाळपासून शेडमध्ये का बसलेत, तेही नाही.

शेवटी मोठ्या बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. “आणि जुन्या बाजूचं काय म्हणता? काच शाबूत आहे ना?”

तो उभा राहिला. त्याने आधी मोठ्या बाईंकडे बघितलं, मग दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मामांकडे, मग तिच्याकडे. तिच्यावर त्याची नजर थांबली ती थांबलीच. ती कुठल्यातरी लांबच्या, बदलीच्या गावी निघून चालली आहे, असं काहीतरी त्याला तिथे दिसत असावं.

“आत्ताची काच... शाबूत आहे,” तो म्हणाला.

‘आत्ताची’ म्हणजे काय, हे कुणीतरी विचारावं म्हणून तो उभाच राहिला. कुणीही विचारलं नाही. भूगोलाच्या सरांनी टेबलावरचं पेन धरून ठेवलं. मोठ्या बाईंनी चष्मा परत घातला. झालं तर मग, म्हणाल्या, आता फरश्यांकडे वळू.

धाकट्या बाई उठल्या. त्यांनी पर्समधून काचेचा तुकडा काढला आणि टेबलावर पसरलेल्या नव्या शाळेच्या नकाशावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

“ही पहिली काच,” ती म्हणाली. “आठ दिवसांपूर्वी तुटलेली. भिंतीवर आहे ती नंतर कुणी लावलेली.”

दाराशी कप वाजले. “मी लावली,” मामा म्हणाले. त्यांनी ट्रे खाली ठेवला नाही, तसाच धरून बोलले. “खोलीसाठी नाही लावली. म्हणजे, खोलीसाठी पण. पण बाई, दोन वर्षांनी हसायला लागल्या होत्या ह्या. ते दर सोमवारी यायचे, आणि ह्या दर सोमवारी हसायच्या. काच गेली असती तर ह्यांची बदली होणार, हे काय मला कळत नाही?”

कुणी कुणाकडे बघेना. इतिहासाच्या बाई रुमाल शोधू लागल्या. मोठ्या बाईंचा हात त्या तुकड्यापाशी गेला आणि न शिवता मागे आला. त्या खूप हळू म्हणाल्या, “जुनी आहे गं. थोडी कुरकुर तर...”

“बाई, ती कुरकुरत नाहीये,” ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तिने तो कापू दिला. “ती पडतेय. आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सरांचा खडू घरंगळतो, मामा दार तासतात, आणि आपण काच शाबूत आहे म्हणतो. मामांना बोलू नका. त्यांनी नुसती काच लावली. बघून गप्प बसलो ते आम्ही दोघं.” तिने त्याच्याकडे बघितलं. तो अजून उभाच होता, थोडा डावीकडे कललेला. “मला हे आवडतात, म्हणून मी बोलले नाही. त्यांना मी आवडते, म्हणून ते बोलले नाहीत. जाईन मी जिथे पाठवाल तिथे. ह्यांना यायचं असेल तर येतील तिथे, कुठल्याही वारी. पण आमचं आवडणं पोरांच्या डोक्यावर ठेवायचं नाही. आजपासून त्या बाजूला एकही मूल बसणार नाही.”